खांद्यावरची चार बोटे

६ ऑक्टोबर १९७१, बुधवार. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.

मोठ्या कॅमेऱ्याचा भाता आतून झाडत होतो. हा भाता हार्मोनियमच्या भात्यासारखा, काळ्या घड्यांचा असतो. पुढे भिंग, मागे चित्र दिसते ती घासलेली काच, मध्ये अंधार. दर बुधवारी मागची काच काढायची, भाता पूर्ण ताणायचा आणि मऊ ब्रशने घड्या झाडायच्या, हे रंगनाथमामांनी मला तीन वर्षांपूर्वी, मी राहात्याला त्यांच्या फोटोच्या दुकानात आलो त्याच आठवड्यात शिकवले. आज ब्रश आत घातला आणि एक घडी चालू लागली.

ती घडी नव्हती. कोळी होता. पाय पसरून माझ्या पंजाएवढा. मोजला नाही, पण साडेचार इंचांपेक्षा कमी नसावा. पोटाखाली चार आण्याच्या नाण्याएवढी पांढरी चकती धरलेली होती.

मी काच परत बसवली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

मला कोळ्याची भीती वाटते. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. आई आणि दादा, म्हणजे वडील, पाथर्डीकडून ऊसतोडीला येत, तेव्हा मी लहान असताना फडावरच्या पाचटाच्या कोपीत निजलो होतो आणि एक कोळी माझ्या तोंडावरून चालत गेला. त्याच तोडीपायी दर वर्षी पाच महिने शाळा बुडे आणि शेवटी आठवीत सुटली. शाळा सुटल्याची आता सवय झाली आहे. कोळ्याची झालेली नाही.

मामांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. एकवीस वर्षांचा माणूस कोळ्याला भितो हे कोणत्या तोंडाने सांगणार? कॅमेऱ्याच्या बाजूवर तीनदा टिचकी मारली. काही बाहेर आले नाही. गेला असे धरले.

त्याच दिवशी, दुपारी एक वाजता.

दहा वाजता सहादेवतात्या त्यांच्या मुक्ताला घेऊन आले. त्यांची पेरूची बाग आमच्या मागच्या कुंपणाला लागून आहे. मुक्ताला येवल्याकडचे स्थळ आले आहे आणि फोटो पाठवायचा आहे. तात्या बाहेर ओसरीवर थांबले, ती आत खुर्चीत बसली. मी बाजूला उभा राहून पडदा सरळ केला.

"हसू का नको?" तिने विचारले.

मला नियम माहीत नव्हता. "निम्मे," म्हणालो.

मामा काळ्या फडक्याखाली बराच वेळ होते. "काच पुसत जा रे गहिनी, धुरकट दिसतंय समदं." मी सकाळी दोनदा पुसली होती. तिसऱ्यांदा पुसली. मग मामांनी त्या काचेच्या जागी प्लेट, म्हणजे फोटो उमटतो ती मसाल्याची काच, घातली, भिंगाची टोपी काढली, एक, दोन मोजले, टोपी लावली. झाले.

भात्यातून काही आवाज आला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

९ ऑक्टोबर, शनिवार.

मुक्ताचा फोटो मामांनी स्वतः छापला आणि पाकिटात घालून दिला. लग्नाच्या फोटोला मी हात लावायचा नाही, असा दुकानाचा नियम आहे. चेहऱ्यावरचे डाग मिटवायची रिटचिंगची पेन्सिल मात्र मामांनी श्रावणापासून मला देऊन टाकली आहे. म्हणतात, तुझा हात बसला. या फोटोला तीही लावली नाही. "पोरीच्या तोंडावर काढन्यासारखं काय हाय?" म्हणाले.

रोज सकाळी वर्तमानपत्रही मीच मोठ्याने वाचून दाखवतो. छापखानेवाले हल्ली अक्षरे बारीक करतात, असे मामांचे म्हणणे आहे. मला वाटते ते माझे वाचन सुधारावे म्हणून करतात.

१४ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी सहा.

झाले तसे लिहितो.

चार वाजता भिमाजीअण्णा आले. ते सोयरिकी जमवतात, हे स्थळही त्यांनीच आणलेले. फेटा बांधलेला, हातात आमचेच पाकीट. मागे सहादेवतात्या, मान खाली.

"रंगनाथराव, फोटो काढलाय का तमाशा?"

"काय झालं?"

"पोरीच्या खांद्यावर हात कुनाचा हाय, ते सांगा आधी. पाव्हन्यांनी फोटो परत धाडला. म्हनले, आमाला हात लावलेली पोरगी नको."

मामांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग दारात उन्हात नेला. "कुठं हाय हात?"

"अवो, धडधडीत चार बोटं हायेत. काळी कुळकुळीत. आंधळ्याला दिसतील."

मामांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"खोलीत तिघंच हुते म्हनं," अण्णा म्हणाले. "तुमी फडक्याखाली. पोरगी खुर्चीत. मग राहिला कोन?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. सहादेवतात्यांनीही पाहिले. ते पाहणे जास्त वाईट होते.

"पोराला मी वळखतो," मामा म्हणाले.

"तुमी वळखता. येवल्याची मान्सं न्हाई वळखत. अन उद्या बाजारात ह्येच बोलनं व्हनार. तुळशीच्या लग्नाला मी परत येतोय. तवर काय खरं-खोटं असंल ते निवडा. न्हाईतर ह्या पोरीसाठी मला दुसऱ्या कुनाच्या दारात उभं ऱ्हाता येनार न्हाई."

फोटो टेबलावर टाकून ते गेले.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार.

मामा जेवायला आत गेल्यावर फोटो भिंगाखाली ठेवला. फोटोच्या कडेतून चार काळी बोटे आत आली आहेत आणि मुक्ताच्या डाव्या खांद्यावर टेकली आहेत. पट्टीने मोजले.

बोटे चार. अंगठा नाही. सर्वांत लांब बोट सव्वादोन इंच. त्याच फोटोत मुक्ताचे डोके हनुवटीपासून भांगापर्यंत दीड इंच. म्हणजे तो हात माणसाचा असेल, तर त्याचे एक बोट तिच्या डोक्यापेक्षा मोठे. बोटांवर बारीक केस आहेत.

तेव्हा कळले. कोळी त्या दिवशी भात्यातून गेला नव्हता. प्लेटच्या चौकटीच्या कडेवर बसला होता आणि एका बाजूचे पाय त्याने प्लेटवर पसरले होते. जिथे उजेड अडला तिथे फोटोत काळे उमटले. कॅमेऱ्यात चित्र उलटे पडते, म्हणून खाली बसलेल्याचे पाय वर, खांद्यावर आले.

मला त्या सकाळी सात चाळीसला माहीत होते. दहा वाजता मी तिथेच उभा होतो.

आजही सांगितले नाही. मामांनी काढून टाकले तर गावी जावे लागेल, आणि थोड्याच दिवसांत तोडीच्या गाड्या निघतील.

१७ ऑक्टोबर, रविवार.

दिवाळीची साफसफाई. गोजरामामीने लांब काठीला केरसुणी बांधून माळ्यावरची जळमटे काढली. दोन मोठे कोळी पडले. दोन्ही चपलेखाली गेले. मी एक कागदावर घेतला. मेलेला होता, तरी कागद हात लांब करून धरला. पाय आठ. एका बाजूला चार. शंका उरली नाही.

भांडी घासताना मामीचे बोट पत्र्याने कापले. तिने भिंतीवरची कोळ्याची पांढरी टिकली, कागदासारखी असते ती, नखाने खरवडून जखमेवर चिकटवली. रक्त थांबले. ज्याला चपलेने मारायचे, त्याच्याच घरातले औषध घ्यायचे. मामीला असे म्हणालो, तर म्हणाली, "मग काय डाक्टरकडं जाऊ व्हय टिकलीएवढ्या जखमंसाठी?"

२३ ऑक्टोबर, शनिवार.

दिवाळीत लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते. सहादेवतात्यांच्या घरातून फराळाचे ताट आले नाही, दर वर्षी येते.

आज मामांना सांगितले. सगळे, सात चाळीसपासून. वाटले होते ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि काळे फडके घडी करू लागले. पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली.

"कुनाला सांगू नगंस," म्हणाले.

"पण मुक्ताचे नाव खराब झाले."

"कोळी हुता म्हनशील, तर लोक इचारतील, फोटो देताना रंगनाथला दिसला कसा न्हाई?"

एवढ्या गिऱ्हाइकीत एखाद्या वेळी नजरचूक होते, हे लोकांना समजेल असे मला वाटते. मामा स्वतःच्या कामाबद्दल फार कडक आहेत.

दुपारी मागच्या अंगणात पाण्याला गेलो, तर कुंपणापलीकडे मुक्ता पेरू पाट्यांत भरत होती. मामी इकडे धुणे वाळत घालत होती, म्हणून बोललो, नाहीतर बोललो नसतो.

"मला बाहेर जायची बंदी हाय," ती पेरू भरता भरता म्हणाली. "तुमाला हाय का?"

"नाही."

"मग तुमी का घरात बसलाय?"

मी सांगितले की तो हात नव्हता. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. ते पाय हायेत. आमच्या लाकडाच्या सपरात असले लई हायेत, मी रोज सरपन काढते. पर मी म्हनले तर कोन ऐकतंय? म्हनत्यात, स्वतःचं झाकायला बोलतीय. तुमच्याकडं मशीन हाय. मशीनचं ऐकतील."

मामी वाळत घातलेले धोतर पुन्हा झटकत म्हणाली, "मी येते राखनीला. काढ जा फोटो. तुझ्या मामाला मी बघते."

२५ ऑक्टोबर, सोमवार.

सपरात कॅमेरा नेला. सपर म्हणजे चार खांब, वर पत्रा, तीन बाजूंना कुडाची भिंत. मधल्या खांबावर ती होती. कोळीण. हिच्याही पोटाशी पांढरी चकती, अंड्यांची.

कोळी जेवढा आहे तेवढाच प्लेटवर यायला हवा, म्हणजे मुक्ताच्या फोटोशेजारी ठेवून कोणालाही पाय जुळवता येतील. त्यासाठी भाता दुप्पट ताणावा लागतो आणि भिंग तिच्यापासून फक्त वीतभर लांब येते. काच बसवून फडक्याखाली डोके घातले. एवढी मोठी, उलटी, केसाळ, माझ्या नाकासमोर. फडक्याबाहेर आलो. पुन्हा आत गेलो. असे तीनदा.

दोन मोजून प्लेट घेतली. धुतल्यावर जवळजवळ कोरी. एक प्लेट गेली.

२६ ऑक्टोबर, मंगळवार.

रात्रभर विचार केला. भाता दुप्पट ताणला की उजेडाला दुप्पट अंतर जावे लागते आणि तो पसरतो. बॅटरी भिंतीपासून दुप्पट लांब नेली तर उजेडाचा गोल दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच होतो. म्हणजे तोच उजेड चारपट जागेत वाटला जातो. म्हणून दोनच्या जागी आठ मोजायला हवे. हे मला कोणी शिकवलेले नाही. मामांना विचारले तर म्हणाले, "बरोबर हाय. मला हे कळायला चार वर्सं लागली हुती." मामी त्यांच्याशी काय बोलली ते माहीत नाही, पण त्यांनी फोटो काढू नको असे म्हटले नाही.

आठ मोजले. मधेच ती सरकली. फोटोत सोळा पाय आले.

२८ ऑक्टोबर, गुरुवार.

आज सपरात उजेड कमी होता. तिसरी प्लेटही फिकी आली. मग मुक्ताने घरातून पितळी परात आणली, दारात उभी राहून ऊन पकडले आणि खांबावर फेकले. मी म्हणालो, एकदम नको, ती पळेल. तिने ऊन जमिनीवरून हळूहळू खांबावर चढवले. कोळीण हलली नाही.

मी टोपी काढली. एक. दोन. पाचपर्यंत माझा आवाज इतका कापला की मलाच ऐकू आला. मुक्ता हसली नाही. आठ झाल्यावर म्हणाली, "तिला बी तुमची भीती वाटत असंल. ती पोटाशी चकती धरून बसलीय, तुमी टोपी धरून."

मी पाहिले, तर खरेच टोपी छातीशी धरली होती.

चौथी प्लेट उत्तम. पायावरचा एकेक केस मोजता येतो. तोंडावर डोळे आठ, दोन ओळींत. चकतीच्या कडेला विणल्यासारखी किनार. धुतलेली प्लेट हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते घड्याळात पाहायचे राहिले.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार.

दोन्ही फोटो सहादेवतात्यांपुढे ठेवले. त्यांनी एका फोटोतल्या पायावर बोट ठेवले, मग दुसऱ्या फोटोतल्या. बराच वेळ. मग म्हणाले, "मला पटलं. पर भिमाजीअण्णा म्हनतील, हा कोळी मागनं काढला. सपरातला कोळी कॅमेऱ्यात कसा शिरल, ते दाव म्हनतील."

"दाखवतो," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत लक्षात आले नव्हते, की दाखवायचे म्हणजे कोणीतरी हाताने कोळी कॅमेऱ्यात सोडायला हवा.

३१ ऑक्टोबर, रविवार. दुपारी तीन.

आज संध्याकाळी तुळशीचे लग्न. सकाळी नऊला स्टुडिओत मामा, मामी, सहादेवतात्या, मुक्ता आणि भिमाजीअण्णा. मुक्ताने पेल्याखाली कोळी झाकून आणला होता, खाली जुने पोस्टकार्ड. "ही चकतीवाली न्हाई," ती म्हणाली. "बाळंतिनीला कशाला तरास."

"कुनाचा फोटो काढायचा?" मामांनी विचारले.

"ज्याला शंका, त्याचा," मामी म्हणाली. भिमाजीअण्णा फेटा नीट करून खुर्चीत बसले. फोटो फुकट मिळणार म्हणून चेहरा प्रसन्न होता.

मी पेला घेतला, हात भात्यात घातला, पोस्टकार्ड काढले. कोळी चौकटीवर जायच्या ऐवजी माझ्या मनगटावर आला. आठ ठिकाणी स्पर्श झाला. मऊ होता. कोरड्या गवताचा असतो तसा. मी हात झटकला नाही. का झटकला नाही ते सांगता येत नाही. मुक्ता समोर उभी होती आणि तिने पेल्यासाठी हात पुढे केला होता, एवढे आठवते. कोळी आपणहून उतरला. काच बसवली.

प्लेट घेतली, धुतली. अण्णा स्वच्छ. फेट्याचा तुरासुद्धा स्वच्छ. एकही बोट नाही.

"आता?" भिमाजीअण्णा उठले. "झाली की न्हाई हौस? सहादेवा, मी आधीच म्हनलं हुतं, हे पोरगं आपलं पाप झाकतंय."

तेव्हा मामा म्हणाले, "अण्णा, बसा खाली. पोराचं पाप न्हाई. माझं हाय."

अण्णा खाली बसले.

"त्यो फोटो मी छापला अन मीच पाकिटात घातला. चार बोटं त्यावर हुती, अन मला दिसली न्हाईत. त्या दिवशी दारात उन्हात धरला तवा बी दिसली न्हाईत. दीड वरीस झालं, मला काचेवरचं काय बी धड दिसत न्हाई. दुकान बसंल म्हनून बोललो न्हाई. माझ्यापायी ह्या पोरीला बोल लागला."

मामीने पदर डोळ्यांना लावला. तिला माहीत होते. मुक्ताने माझ्याकडे पाहिले, आणि तिलाही माहीत होते असे मला वाटले. मी तीन वर्षे त्यांच्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचले आणि मला वाटत होते माझे वाचन सुधारत आहेत.

मामांनी काळे फडके माझ्या खांद्यावर टाकले. "तू बघ. आता तूच बघ."

काय करावे ते सुचेना, म्हणून वही काढली आणि सहा तारखेची नोंद वाचली. वेळ लिहिण्याची सवय उपयोगी पडली. त्या दिवशी सात चाळीसला मी काच लावली आणि तात्या आले दहाला. दोन तास वीस मिनिटे कॅमेऱ्याला कोणी हात लावला नव्हता. आज पाच मिनिटेही थांबलो नव्हतो. भ्यालेला जीव लगेच जागा सोडून का येईल?

"थांबायला लागेल," मी म्हणालो. "दोन तास. कोणी मोठ्याने बोलायचे नाही."

मामीने चहा केला. पुन्हा केला. सहा माणसे एका कॅमेऱ्याभोवती देवळात बसल्यासारखी बसली होती. भिमाजीअण्णांना गप्प बसायची सवय नाही. त्यांनी दोनदा पान लावले आणि शेवटी कुजबुजत मुक्ताला विचारले, "पोरी, त्यो चावतो का गं?"

"बोलनाऱ्याला चावतो," मुक्ता कुजबुजली.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी मी फडक्याखाली गेलो. काचेच्या कडेला चार काळे पाय होते. हळूच काच सरकवली, प्लेट घातली, एक, दोन.

ओली प्लेट बाहेर आणली तेव्हा मामांनी विचारले, "आलं का?" मी त्यांचे बोट धरून, जिथे होते तिथे, वरून फिरवले. "इथं, मामा. चार."

छापून आणला. अण्णांच्या फेट्यावर वरून चार बोटे टेकली होती, कोणी आशीर्वाद द्यावा तशी. त्यांनी फोटो आडवा धरला, उभा धरला.

मामी म्हणाली, "भिमाजीभाऊजी, डोक्यावर हात ठेवनारी कोन ती? घरी वैनींना सांगितलंय का?"

आधी सहादेवतात्या हसले. मग सगळेच. अण्णाही हसले, थोडे उशिरा. निघताना म्हणाले, "येवल्याला मी सोता जाऊन सांगतो. हा फोटो बी दावतो." मुक्ता पेल्याखाली कोळी घेऊन मागच्या दाराने गेली. आज तिला पुढच्या दाराने जाता आले असते, पण सपर मागे आहे.

८ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी साडेआठला मुक्ताने कुंपणावरून हाक मारली. चकती फुटली होती. खांबावर मोहरीएवढी पिल्ले, दोनशेच्या वर असावीत, मोजता मोजता हलली. आई त्यांच्यावर पाय पसरून उभी. आठ मोजून एक प्लेट घेतली. या वेळी आवाज कापला नाही. मुक्ता म्हणाली, "आता लहान-मोठ्या समद्यांचं फोटो काढा. पावसात बागंत पिवळा-काळा असतो, जाळ्यात नक्षी काढनारा, त्यो मी दावीन." पावसाळ्याला सात महिने आहेत. तरी वहीत लिहून ठेवले.

१४ नोव्हेंबर, रविवार.

येवल्याचा निरोप आला की आता त्यांची हरकत नाही. सहादेवतात्यांनी कळवले की आपली आहे. "फोटोवरनं ज्यांनी पोरगी टाकली, ते उद्या भाकरी करपली म्हनून टाकतील," असे ते मामांना म्हणाले. मुक्ताला विचारूनच कळवले, असेही म्हणाले. मला बरे वाटले. ते लोक घाईचे दिसतात.

मग तात्या माझ्याजवळ बसले. विचारले, गावी जमीन किती. सांगितले, सहा एकर, कोरडवाहू, विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत. दादा अजून तोडीला जातात का. सांगितले, जातात, पण मी नाही. दुकान पुढे कोण पाहणार. मामा मधेच म्हणाले, "त्योच." आई कोणत्या घरची, तेही विचारले, पण त्याचे उत्तर मामांनीच दिले, बरेच सविस्तर. फोटोग्राफीच्या कामाशी याचा संबंध कळला नाही. शेजाऱ्याची माहिती असावी म्हणून विचारले असेल.

१७ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी साडेपाच.

पुढच्या आठवड्यात मामांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे. मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल, असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले. मामा म्हणाले, पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा तो कोळिणीचा फोटो बघणार. मामी म्हणाली, "तेहतीस वर्सं माझं तोंड बघितलं, त्याचं काय?" ते म्हणाले, "म्हनूनच."

आज आईला पत्र टाकले. यंदाही तोडीला येत नाही, दुकान मला पाहायचे आहे, असे कळवले.

भाता दोनदा पाहिला. रिकामा आहे. आधी आत हात घालून पाहिला आणि मग लक्षात आले की ब्रश बाहेरच होता.

हिशेब.

रोख खर्च: आंतर्देशीय पत्र पंधरा पैसे, त्यावर निर्वासितांच्या मदतीचे नवे तिकीट पाच पैसे. एकूण वीस पैसे.

मामांना देणे: कोळ्यांच्या प्लेटी पाच (वाया तीन, चांगल्या दोन), सव्वा रुपयाप्रमाणे सहा रुपये पंचवीस पैसे. कागद तीन, साठ पैसे. एकूण सहा रुपये पंच्याऐंशी पैसे. भिमाजीअण्णांच्या दोन प्लेटी मामांनी स्वतःकडे घेतल्या.

वजा: भिमाजीअण्णांनी फेट्यावरच्या आशीर्वादाचा फोटो विकत नेला, तीन रुपये. मामांनी माझ्या नावे जमा केले. बाकी देणे तीन रुपये पंच्याऐंशी पैसे.

मुक्ताने कोळिणीचा एक फोटो मागून नेला. पैसे देत होती, घेतले नाहीत. तिचा स्वतःचा फोटो पुन्हा काढून देऊ का, असे विचारले, तर म्हणाली, आता लागणार नाही.

आगाऊ जमा: सहादेवतात्यांकडून तीन रुपये, एका फोटोचे. फोटो माझा काढायचा आहे, पांढऱ्या सदऱ्यात, उद्या सकाळी दहाला. मी खुर्चीत बसणार, म्हणून टोपी मुक्ता काढणार. दोनपर्यंत मोजता येते म्हणाली. हसायचे किती, हे विचारले, तर म्हणाली, पूर्ण. फोटो कोणाला पाठवायचा ते तात्यांनी सांगितलेले नाही. पाकिटावर पत्त्याची जागा कोरी ठेवली आहे.